हाताने बांधलेली तार

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



सातपुड्यातल्या आपल्या कामाविषयी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी यांविषयी माझ्यापेक्षा जास्त जाणणारे कार्यकर्ते येथे बसले आहेत. मी तारेविषयी बोलणार आहे. साधी तांब्याची तार, चाळीस मीटर. ती बांबूला कशी बांधायची, कशी मापायची, आणि ती गावातल्या मुलांनी स्वतःच्या हातांनीच का बांधायला हवी, एवढाच माझा विषय आहे.

आपल्यापैकी जे धडगाव-अक्कलकुवा भागात येऊन गेले आहेत, त्यांना तिथला पावसाळा ठाऊक आहे. घाटात दरड येते, नाले भरतात, वीज जाते. वीज गेली की मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तास चालते आणि मग तोही मुका होतो. काही पाड्यांवर तर कोरड्या दिवसांतही मोबाइलला सिग्नल मिळवायला टेकडीवर चढावे लागते. आजारी माणसाला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन लोक चालत निघतात. रस्त्यापर्यंत पोचल्यावर पुढे गाडी आहे की नाही, हे निघताना कोणालाच माहीत नसते. १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण तिला बोलवायला आधी फोन लागावा लागतो. झोळी रस्त्याला लागेल तेव्हा गाडी तिथे उभी असणे आणि नसणे, यात कधी कधी एका जिवाचे अंतर असते.

या अंतरासाठी हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला आपण हॅम रेडिओ म्हणतो, तो कामाला येतो. त्याला मधला टॉवर लागत नाही, केबल लागत नाही, कोणत्याही कंपनीची सेवा लागत नाही. या टोकाला एक सेट, एक बॅटरी, एक तार. त्या टोकाला तेच. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आणि २००१ साली भूजला झाला तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवण्याचे काम केले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, त्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद रेडिओच्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडले, तेव्हा त्यांनी आपल्या सेटवरून मुख्य भूमीशी संपर्क जोडला आणि बेटांवरच्या लोकांची खबर त्यांच्या घरच्यांपर्यंत जाऊ लागली.

हे ऐकून अनेक हितचिंतक मला विचारतात, "सेट केवढ्याला येतो? आम्ही घेऊन देतो." त्यांच्या प्रेमाबद्दल मी आभारी आहे. पण रेडिओच्या कामात सेट अर्धाच असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे अँटेना. महागडा सेट आणि वाईट अँटेना असेल तर आवाज अंगणाबाहेर जात नाही. साधा सेट आणि नीट अँटेना असेल तर पाच-सात वॅटवर, म्हणजे घरातल्या लहानशा एलईडी दिव्याइतक्या शक्तीवर, शेकडो किलोमीटर बोलता येते. आणि वादळात मोडते ती अँटेनाच. म्हणून ती तिथल्या हातांना बांधता आणि दुरुस्त करता आली पाहिजे.

आता डोंगराचा प्रश्न. पोलिसांच्या हातात असतो तसा वॉकीटॉकी आपल्या कामाला का पुरत नाही, असे पुष्कळ जण विचारतात. त्या संचांच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. हौशी मंडळींचे हातातले संच १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यांचेही तसेच. मध्ये डोंगर आला की संपले. सातपुड्यात दोन पाड्यांच्या मध्ये डोंगर नाही, अशी जागा शोधूनच काढावी लागेल.

मग डोंगर ओलांडायचा कसा? वरून. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सरळ आकाशाकडे सोडल्या, तर खूप उंचावर, अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, हवेचा विद्युतभारित थर असतो, तिथून त्या परत फिरतात आणि पावसासारख्या खाली येतात. सभोवारच्या तीनशे-चारशे किलोमीटरच्या टापूत त्या सगळीकडे पडतात. दरीत पडतात, खोऱ्यात पडतात, डोंगराच्या अलीकडे पडतात आणि पलीकडेही पडतात. लहरी अशा वर सोडायच्या तर अँटेना उंच मनोऱ्यावर नको. उलट जमिनीपासून पाच-सहा मीटरवर हवी. म्हणजे एका बांबूचे काम.

दिवस-रात्रीचा फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो. तो थर सूर्याच्या उन्हाने तयार होतो. रात्री तो विरळ होतो आणि ७ मेगाहर्ट्झच्या लहरी त्यातून आरपार निघून जातात. म्हणून रात्री ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरावे लागते. त्या पट्ट्याला दुप्पट लांब तार लागते. आजारपण काही दिवस-रात्र बघून येत नाही. तेव्हा आपली अँटेना दोन्ही वेळी चालणारी हवी. आम्ही बांधतो ती अशीच आहे. तारेच्या मध्ये एक जोड ठेवतो. दिवसा जोड उघडा, रात्री जोड बंद.

आता बांधणी सांगतो. ज्यांच्या घरात आठवी-नववीतली मुले आहेत त्यांनी लिहून घ्यावे, कारण हे सुटीत घरी करता येण्यासारखे आहे.

प्रथम लांबी. १४२.५ या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की अँटेनाची पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ने भागा: २० मीटर आणि थोडे. तिचे दोन सारखे हात करायचे, म्हणजे प्रत्येक हात साधारण १० मीटर. ३.६ ने भागा: साडेएकोणचाळीस मीटरच्या पुढे थोडे, म्हणजे प्रत्येक हात पावणेवीस मीटरच्या आसपास. तेव्हा प्रत्येक बाजूला आधी दहा मीटरचा तुकडा, मग जोड, मग पुन्हा तेवढाच तुकडा. प्लास्टिकचे आवरण असलेली तार किंचित कमी लांबीची लागते, पण कापताना प्रत्येक तुकडा १० मीटर ३० सेंटिमीटर ठेवायचा. वाढवण्यापेक्षा कमी करणे सोपे.

सामान सांगतो. विजेच्या दुकानात मिळते ती पाऊण चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची तार, साधारण बेचाळीस मीटर. सेटपासून अँटेनापर्यंत जाणारी आरजी-५८ जातीची कोॲक्सियल केबल, वीस मीटर, आणि तिच्या टोकाला सेटला बसेल तो कनेक्टर. नायलॉनची बारीक दोरी. मोटरसायकलच्या वायरिंगमध्ये असतात तसले बुलेट कनेक्टर. आणि स्वयंपाकघरातून टाकून दिलेला, भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड. हा बोर्ड करवतीने कापून त्याच्या पट्ट्या करायच्या. मधली पट्टी तळहाताएवढी, बाकीच्या बोटाएवढ्या. प्लास्टिकमधून वीज जात नाही, ते पावसात कुजत नाही, आणि त्याला भोके पाडणे सोपे.

मधल्या पट्टीला तीन भोके. वरच्या भोकातून बांबूला बांधायची दोरी. दोन्ही बाजूंच्या भोकांतून तारेचे दोन हात ओवून गाठ मारायची, म्हणजे ओढ गाठीवर येते, सांध्यावर येत नाही. कोॲक्सियल केबलचा आतला गाभा एका हाताला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या हाताला जोडून सोल्डरचा डाग द्यायचा, आणि वरून टेप असा घट्ट गुंडाळायचा की केबलमध्ये पावसाचा थेंब शिरणार नाही. पाणी एकदा जाळीत शिरले की केबल आतून काळी पडते.

सांध्याच्या लगेच खाली केबलचे पंधरा-वीस वेढे ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर शेजारी शेजारी गुंडाळायचे. सांडपाण्याला वापरतात तोच पाइप. या वेढ्यांमुळे लहरी केबलच्या बाहेरच्या अंगावरून सेटकडे परत येत नाहीत. अँटेनाचे काम अँटेनाच करते.

जोडाच्या ठिकाणीही प्लास्टिकची एक पट्टी. दोन्ही बाजूंच्या तारा पट्टीला गाठीने बांधायच्या आणि त्यांची मोकळी टोके बुलेट कनेक्टरने एकमेकांत बसवायची. सुटली की सात मेगाहर्ट्झ, बसली की साडेतीन. टोकांना पुन्हा पट्टी, आणि पट्टीला दोरी.

उभी करताना बांबू मधोमध. तारेचे दोन्ही हात तिरके खाली येतात, उलट्या व्ही अक्षरासारखे, आणि दोऱ्या खुंट्यांना बांधायच्या. टोके माणसाच्या डोक्याच्या वर राहिली पाहिजेत. बोलणे चालू असताना तारेच्या टोकांना हात लागला तर भाजते; म्हणून लहान मुले आणि जनावरे तिथे फिरणार नाहीत, हे पाहावे. दोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधाव्यात, म्हणजे अंधारात कोणी अडखळत नाही.

आणि एक नियम मी प्रत्येक शिबिरात तीनदा म्हणवून घेतो. विजेच्या तारेजवळ अँटेना बांधायची नाही. तिच्या खालून न्यायची नाही, वरून टाकायची नाही. बांबू पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही, इतके अंतर ठेवायचे. ओला बांबू हातात असताना अकरा हजार व्होल्टची तार वर असली, तर दुसरी संधी मिळत नाही. आकाशात गडगडाट सुरू झाला की सेट बंद, केबल सेटपासून काढून घराबाहेर, आणि आपण दूर.

उभी राहिली की जुळवायची. यासाठी एसडब्ल्यूआर मीटर नावाचे छोटे यंत्र लागते. ते काय दाखवते, हे मुलांना समजावताना मी शेतातल्या पाटाचे उदाहरण देतो. पाटाचे पाणी वाफ्यात शिरले तर सगळे कामी येते. वाफ्याचे तोंड अरुंद असेल तर पाणी आदळून मागे फिरते. सेटमधून निघालेली शक्ती अँटेनात किती शिरली आणि किती मागे फिरली, हे मीटर सांगतो. दीडच्या खाली आकडा आला की उत्तम. तीनच्या वर असेल तर बोलू नये, सेटला इजा होते.

गेल्या हिवाळी शिबिरात बारावी झालेली एक पावरा मुलगी हे काम करत होती. जोड उघडा ठेवून मोजले, तर मीटर ६.८० मेगाहर्ट्झला सर्वांत खाली येत होता. आम्हाला हवे होते ७.१०. हाताची लांबी गाठी वगळून १०.२० मीटर होती. ती म्हणाली, "सर, तार जास्त आहे. किती कापू?" मी म्हटले, "तूच काढ." तिने वहीत १०.२० ला ६.८० ने गुणले, ७.१० ने भागले, आणि ९.७७ हा आकडा काढला. मग तिने कात्री बाजूला ठेवली, जास्तीची तार तारेवरच उलटी दुमडली आणि टेप गुंडाळला. "का कापली नाहीस?" असे विचारल्यावर म्हणाली, "दुसऱ्या गावात जमीन वेगळी, बांबू वेगळा. तिथे पुन्हा लागली तर?" बंधुभगिनींनो, हे मी तिला शिकवले नव्हते. आतला तुकडा जुळल्यावर जोड बसवून तिने त्याच रीतीने बाहेरचाही जुळवला.

त्या वेळी गावचे कारभारी बाजूला बसून पाहत होते. त्यांनी विचारले, "मास्तर, एवढ्याशा तारेतून आवाज घाटापलीकडे जाईल?" मी सेट सुरू केला, माझा कॉलसाइन दिला, आणि धुळ्याहून एका जुन्या मित्राने उत्तर दिले. कारभाऱ्यांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "मग ही तार पावसाच्या आधी बांधा."

ही सगळी अँटेना गुंडाळली की खांद्यावरच्या पिशवीत मावते. वजन दोन किलोच्या आसपास. बांबू तर प्रत्येक पाड्यावर मिळतोच. बारा व्होल्टची सात अँपिअर-अवरची बॅटरी आणि एक लहान सोलर पॅनल बरोबर घेतले की झाले. सेटच्या बाबतीतही आपण भाग्यवान आहोत. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाच्या सेटची रचना केली. साध्या, सहज मिळणाऱ्या भागांतून घरी जोडता येईल, असा तो आहे, आणि आज जगभरचे हौशी रेडिओवाले तो वापरतात.

आता कायद्याविषयी स्पष्ट बोलतो, कारण चांगल्या हेतूनेही येथे चूक चालत नाही. रेडिओवर बोलायला केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि परवाना संस्थेच्या कामासाठी मिळत नाही, परीक्षा दिलेल्या माणसाला मिळतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षेला बसता येते. त्यात विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. पास झाल्यावर प्रत्येकाला स्वतःचा कॉलसाइन मिळतो. आपल्या देशात तो बहुधा व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होतो. परवाना मिळेपर्यंत आमची मुले अँटेना बांधतात, जुळवायला शिकतात आणि ऐकतात. बोलतो तो परवानाधारकच. संस्थेचा रोजचा कारभार, म्हणजे औषधांची मागणी, पगार, हिशेब, हे यावरून बोलायचे नाही. जीव धोक्यात असताना किंवा आपत्तीत निरोप द्यायचा. आणि रेडिओवरचे बोलणे कोणीही ऐकू शकतो, म्हणून रुग्णाचे नाव आम्ही कधी घेत नाही. गाव, वय, तक्रार, आणि झोळी कोणत्या रस्त्याला कधी लागेल, एवढेच.

हे कामाला आले का, असे आपण विचाराल. मागच्या पावसाळ्यात चार दिवस फोन नव्हते. परवाना मिळालेला आपला एक कार्यकर्ता त्या पाड्यावर होता. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा या वेळा आम्ही ठरवून ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याचा आवाज आला नाही. साडेआठला आला. रात्रीच्या वाऱ्यात झाडाची फांदी पडून तारेचा एक हात तुटला होता. मी सांगितलेली ती मुलगी भल्या पहाटे उठून त्याच्याबरोबर तार शोधायला गेली, दोन्ही टोके सोलून पिळ दिला, गाठ मारली, दुमडून ठेवलेल्या तारेतून कमी पडलेली लांबी भरून काढली, आणि बांबू पुन्हा उभा केला. त्यानंतर निरोप आला: पहिलटकरीण, वय एकवीस, रात्रीपासून कळा, आशाताई सोबत आहेत, झोळी निघाली आहे, दोन तासांत डांबरी रस्त्याला लागेल. मी इकडून १०८ ला फोन केला. झोळी रस्त्याला लागली तेव्हा गाडी उभी होती.

आई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. ते डॉक्टरांचे, आशाताईंचे आणि झोळी खांद्यावर घेऊन निसरड्या वाटेने उतरलेल्या चार माणसांचे श्रेय आहे. तारेने फक्त निरोप नेला. रस्ता झाला पाहिजे, टॉवर टिकला पाहिजे, दवाखाना जवळ आला पाहिजे, ही मागणी आपण सोडता कामा नये. रेडिओ हा रस्त्याला पर्याय नाही. पण त्या सकाळी सेट कितीही किमतीचा असता आणि तुटलेली तार जोडणारे कोणी नसते, तर तो खोकाच राहिला असता. तार दुरुस्त करायला शहरातून माणूस येणार म्हटले असते, तर घाट बंद होता.

म्हणून माझे मागणे वेगळे आहे. आपल्यापैकी जे वीजतंत्री आहेत, शिक्षक आहेत, दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले आहेत, त्यांनी वर्षातले चार दिवस द्यावेत. दोन दिवस मुलांना परीक्षेची तयारी करून द्यायला आणि दोन दिवस त्यांच्याबरोबर तार बांधायला. परीक्षेची पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. ती सोप्या मराठीत समजावून सांगणारे कोणी हवे आहे. ज्यांच्या घरी चालू स्थितीतले एसडब्ल्यूआर मीटर, सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर पडून आहेत, त्यांनी ते द्यावेत. एका अँटेनाच्या सामानाला मला साधारण दोन हजार रुपये लागतात. पाच पाड्यांवर ती पावसाच्या आधी उभी करायची आहे, आणि प्रत्येक पाड्यावर ती बांधू शकणारी किमान दोन मुले तयार करायची आहेत. दोन अशासाठी, की एक जण कामासाठी गुजरातेत गेला तरी दुसरा गावात असावा.

मुलांनी बांधलेली एक अँटेना मी आज बरोबर आणली आहे. बाहेरच्या अंगणात बांबू उभा करून ठेवला आहे, विजेच्या तारांपासून दूर. चहाच्या वेळी जरूर या, गाठी हाताळून पाहा, मुलांना घेऊन या. कात्री मात्र आणू नका.